मद्यशाळेचे चित्र आणि मळवलीचा समास

अमेरिकेतील सेंट लुईस येथील अ‍ॅन्हायझर-बुश या मद्यशाळेने १८९६ साली कस्टरच्या १८७६ मधील अखेरच्या लढाईचे शिळाछापी चित्र जाहिरातीसाठी गुत्त्यागुत्त्यांतून वाटले. त्यातील काही रेड इंडियन योद्ध्यांच्या हाती आफ्रिकेतील झुलूंच्या ढाली दिसतात, तो भाग निराळा! परंतु खाली मद्यशाळेचे नाव असल्यामुळे चित्र कोणी व कशासाठी छापविले, याविषयी संशय उरत नाही.

महाराष्ट्रातील जाहिरातचित्रांबाबत असे सर्वत्र म्हणता येत नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईस निघाला व पुढे पुणे जिल्ह्यात मळवलीस आला. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतल्यावर देवादिकांच्या चित्रांबरोबर व्यापाऱ्यांची कामेही तेथे होऊ लागली. एकेका रंगासाठी स्वतंत्र शिळा सिद्ध करावी लागे. तेव्हा तयार लक्ष्मीच्याच खाली एखाद्या मालाचे नाव घालणे सोयीचे होते. घरोघरी मात्र तसबीर करताना नावाची पट्टी व तारखांचा गठ्ठा काढून टाकीत. भक्ताच्या दृष्टीने ते योग्यच, कारण साबणाच्या नावास हळदकुंकू कोण वाहणार? पण चित्र कोणी वाटले हे सांगणारा पुरावा त्या पट्टीबरोबर गेला.

१९७२ मध्ये मळवलीचा छापखाना आगीत जळाला. त्यामुळे समासासह उरलेल्या प्रतीचे मोल विशेष आहे. शिरूर-दौंडकडील एखाद्या जुन्या पेढीत अशी तसबीर आढळल्यास अभ्यासकाने चौकटीखाली दडलेली कडा व चित्राची मागची बाजू अवश्य पाहावी.