ऑरेंज बोल सामना, १९८४

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातील एक अत्यंत चुरशीचा सामना. फ्लॉरिडा राज्यातील मायॅमी शहरी, ‘ऑरेंज बोल’ क्रीडागारात २ जानेवारी १९८४ रोजी तो झाला. त्यात मायॅमी विद्यापीठाने नेब्रॅस्का विद्यापीठावर ३१–३० असा एका गुणाने विजय मिळविला. चेंडू हातात घेऊन धावत वा फेकीने पुढे नेण्याच्या अमेरिकन फुटबॉल पद्धतीचा हा सामना होता.

हंगामाच्या अखेरीस निवडक संघांत जे निमंत्रित सामने होतात, त्यांना ‘बोल’ सामने म्हणतात. ऑरेंज बोल सामने १९३५ पासून खेळले जातात. त्या काळी राष्ट्रीय अजिंक्यपद ठरविण्यासाठी अंतिम स्पर्धा नव्हती. क्रीडापत्रकार व प्रशिक्षक यांच्या स्वतंत्र मतदानांतून संघांचे क्रम ठरत. बरोबरी सुटण्यासाठी जादा वेळ देण्याचीही तरतूद नव्हती.

नेब्रॅस्काचा संघ सलग २२ सामने जिंकून अग्रस्थानी होता. १९८३ च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी ५२ गुण मिळविले होते. मायॅमी पत्रकारांच्या क्रमवारीत पाचव्या स्थानी होता. तथापि त्याच दिवशी दुसऱ्या क्रमांकाचा टेक्सस व चौथ्या क्रमांकाचा इलिनॉय हे संघ हरल्याने मायॅमीला अजिंक्यपदाची आशा निर्माण झाली.

बर्नी कोसार याच्या अचूक फेकींच्या बळावर मायॅमीने पहिल्या सत्रातच १७–० अशी आघाडी घेतली. दुसऱ्या सत्रात नेब्रॅस्काने एक डाव साधला : चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवण्यात आला आणि डीन स्टाइनकूलर या आघाडीच्या धिप्पाड खेळाडूने तो उचलून १९ यार्ड धाव घेत गुण मिळविले. तिसऱ्या सत्रात १७–१७ अशी बरोबरी झाली; परंतु मायॅमीने पुन्हा ३१–१७ अशी आघाडी मिळविली. नेब्रॅस्काचा प्रमुख धावपटू माइक रोझियर याच सत्रात जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेल्या जेफ स्मिथने चौथ्या सत्रात दोनदा अंत्यरेषा पार केली. त्यांपैकी दुसरी, २४ यार्डांची धाव केवळ ४८ सेकंद उरले असताना घेतली गेली व गुणसंख्या ३१–३० झाली.

अंत्यरेषा पार केल्याच्या सहा गुणांनंतर संघाला आणखी एक संधी मिळते. चेंडू लाथेने गोलखांबांमधून धाडल्यास एक गुण, तर धावत वा फेकीने पुन्हा अंत्यरेषेपलीकडे नेल्यास दोन गुण मिळतात. पहिला मार्ग बहुतांशी खात्रीचा होता. त्याने सामना बरोबरीत सुटला असता व अपराजित नेब्रॅस्काकडे अजिंक्यपद बहुधा राहिले असते. प्रशिक्षक टॉम ऑसबॉर्न यांनी मात्र निर्भेळ विजयासाठी दोन गुणांचा मार्ग पतकरला. टर्नर गिलने स्मिथकडे केलेली फेक मायॅमीच्या केनी कॅलहूनने हाताच्या स्पर्शाने वळविली आणि प्रयत्न फसला.

पुढील मतदानांत मायॅमी प्रथमच राष्ट्रीय विजेता ठरला व नेब्रॅस्का दुसरा आला. ऑसबॉर्न यांच्या निर्णयाने पद गमावले, तरी बरोबरीवर समाधान न मानण्याच्या वृत्तीबद्दल त्यांची प्रशंसा झाली. मताने मिळणारे पद व मैदानावर मिळविलेला विजय यांतील अंतर या सामन्याने स्पष्ट केले. १९९५–९६ पासून जादा खेळाची पद्धत आल्यावर अशा पेचाचे स्वरूपच बदलले. बरोबरी हा अंतिम निकाल उरला नाही. १ जानेवारी १९९५ रोजी याच मैदानावर ऑसबॉर्न यांच्या संघाने मायॅमीचा २४–१७ असा पराभव केला व त्यांना पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद लाभले. हे क्रीडागार २००८ मध्ये पाडण्यात आले.