पँगो आणि धाराशिवची वेलांटी

मंडळी, आज थोडा सॉफ्टवेअरचा इतिहास. काळ फायरफॉक्स 1.5 आणि 2 चा, म्हणजे 2005 ते 2008. लिनक्सवर मॉझिलाच्या साइटवरून थेट उतरवलेला फायरफॉक्स चालवला की इंग्रजी झकास दिसायचं आणि देवनागरीची पार वाट लागायची.

धाराशिव जिल्हाच घ्या. भूम, वाशी, कळंब, परंडा ही नावं सुटायची. त्यांत ना जोडाक्षर, ना पहिली वेलांटी. पण 'धाराशिव' मधली वेलांटी श च्या आधी न जाता नंतर पडायची, म्हणजे वाचायला 'धाराशवि'. नळदुर्गचा रफार डोक्यावर चढायचाच नाही, 'नळदुर्‌ग' असा पाय मोडून उभा. जिल्ह्याचं नाव बदललं 2023 मध्ये, पण तेव्हाचं अधिकृत नावही वाचलं नव्हतं: 'उस्‌मानाबाद'! ब्राउझर दोघांशीही सारखाच वागला म्हणायचा.

कारण सोपं आहे. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात, आधी श आणि मग वेलांटी. पडद्यावर त्यांची जागा बदलणं, जोडाक्षर घडवणं हे काम वेगळ्या लायब्ररीचं. लिनक्सवर ती लायब्ररी होती पँगो. गंमत म्हणजे फायरफॉक्स ज्या जीटीके 2 वर चालायचा त्याला पँगो लागायचाच, म्हणजे तो मशीनवर आधीच हजर! ग्नोममध्ये खिडकीच्या पट्टीवर 'धाराशिव' बरोबर, आणि खाली पानात चूक. कारण फायरफॉक्सच्या मजकुरासाठी पँगो ऐच्छिक होता आणि तो निर्णय कंपाइल करतानाच व्हायचा. मॉझिलाच्या बिल्डमध्ये तो बंद. वापरणाऱ्याच्या हातात काहीच नाही.

फेडोराने आपल्या पॅकेजमध्ये तो चालू केला. आपल्याला लगेच सुख, पण पानं हळू उमटतात अशी इतरांची ओरड सुरू. मग पँगो बंद करायला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. जेन्टूत तर 'पँगो नको' म्हणायला खास फ्लॅग! शिवाय छपाईसाठी वेगळा पॅच, आणि नवी आवृत्ती आली की सगळे पॅच पुन्हा बसवा.

माझ्या मते फेडोराने केलं ते बरोबरच. दुरुस्ती मुळातच व्हावी हे तत्त्व ठीक आहे हो, पण तोवर वाचायचं काय? किंमत मात्र होती. एकाच आवृत्तीचा फायरफॉक्स एकीकडे 'धाराशिव' दाखवतो, दुसरीकडे 'धाराशवि'. मराठी पान लिहिणाऱ्याने कशावर भरवसा ठेवायचा?

17 जून 2008 ला फायरफॉक्स 3 आला. मजकूर मांडायचा भाग नव्याने लिहिलेला, आणि लिनक्ससाठी मॉझिलाच्या स्वतःच्याच बिल्डमध्ये पँगो चालू. पॅच नको, व्हेरिएबल नको. पुढे हे काम हार्फबझकडे गेलं आणि फायरफॉक्स त्याचा कोड आपल्या सोर्समध्येच घेऊन फिरायला लागला. आता पॅकेजवाल्यांची कुरकुर उलटी आहे: सिस्टिममध्ये हार्फबझ असताना ही दुसरी प्रत कशाला?