लाकडी नंदी आणि जिता बैल

पोळा चार दिवसांवर आला. घरोघरी माळ्यावरचे लाकडी नंदी खाली उतरले. आमच्या गटातल्या एका ताईचा नातू नंदी पुसता पुसता विचारतो, "आजी, खरा बैल रोज चारा खाते का?" आम्ही हसलो आणि मग गप्प झालो. आमच्या आळीत आता एकही बैलजोडी उरली नाही.

म्हणून आज आपण या नंदीचीच गोष्ट ऐकू.

तान्हा पोळा नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला, असं आपल्या विदर्भात मानतात. त्यांचा राज्यकाळ १७८८ ते १८१६. लहान लेकरांना बैलाचं मोल कळावं, पण शिंगाची भीती नको, म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल. त्यालाही तोरण, त्यालाही ओवाळणी, आणि लेकरांच्या हातावर बोजारा. आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर नावाजलेला. तिथले मोठाले नंदी पाहायला गावोगावचे लोक जातात.

पण चाकावरचं जनावर याहून फार जुनं आहे. १९७४ साली नगर जिल्ह्यात, प्रवरा नदीकाठच्या दायमाबादला, जमीन खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, चाकांवर उभा गेंडा, चाकांवर उभी म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथात माणूस उभा आहे. या वस्तू साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. ज्या जनावरांसोबत माणूस जगला, त्यांना त्यानं हातानं घडवून जवळ ठेवलं.

घडवलेल्या बैलाला तहान लागत नाही, तो आजारी पडत नाही. जित्या बैलाला रात्री उठून पाणी दाखवावं लागते. आपल्या आर्वी-कारंजा भागातली पांढरी, चपळ गवळाऊ जात अशाच राबणुकीवर टिकली. शेण काढणं, गोठा झाडणं, वैरण टाकणं, हे बहुतेक बायांच्याच हातचं काम. इतिहासात राजाचं नाव राहिलं, गोठा झाडणारीचं राहिलं नाही.

आज बैल पोसणं परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. ट्रॅक्टरनं आपलेही कष्ट वाचले. पण लाकडी नंदी लेकराला खऱ्या बैलापर्यंत नेण्यासाठी होता. खरा बैलच पाहिला नाही, तर नंदी नुसतं खेळणं उरते.

म्हणून आमच्या गटानं ठरवलं आहे. पोळ्याच्या आदल्या सांजेला, खांदशेकणीला, ज्या घरी बैलजोडी आहे तिथं आळीतली सगळी लेकरं न्यायची, पोरींनाही. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद त्यांच्याच हातानं लावू द्यायची. आणि गोठ्यात हयात गेलेल्या एका आजीला सोबत न्यायचं. बैलाचं दुखणं डोळ्यांवरून कसं ओळखायचं, ते तिनं सांगायचं.

तुमच्या गावी अशी एखादी जोडी असेल, तर तुम्हीही जा. बोजारा तान्ह्या पोळ्याला मिळतेच!