व्हॉल्वच्या ध्वनिवर्धकाची दुरुस्ती : एरंडोलच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

एरंडोल एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरने त्या उद्योगाची नोंद घेतली, म्हणून अभ्यासकाला तो ठाऊक आहे. रेडिओ व ध्वनिवर्धक दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या वाट्याला अशी नोंद क्वचितच आली. त्यांनी यंत्रात केलेले फेरफार हाच त्यांचा दस्तऐवज होय. जुन्या यंत्राचे पुनरुज्जीवन करताना हा दस्तऐवज नष्ट होऊ शकतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे पं. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. एरंडोलही याच जिल्ह्यात होते. त्याच वर्षी अमेरिकेत आरसीए कंपनीने ६एल६ हा व्हॉल्व बाजारात आणला. पुढे सभा-संमेलनांच्या ध्वनिवर्धकांत तो दीर्घकाळ वापरला गेला. त्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरविणाऱ्या मुंबईच्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानक मोटवाने यांच्यावर १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओ प्रकरणात खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. ध्वनियंत्रे पुरविणाराही राज्यकर्त्यांना वक्त्याइतकाच संशयास्पद वाटला, हे लक्षणीय आहे.

वीज न पोहोचलेल्या गावी ध्वनिवर्धक बॅटरीवर चालवीत. व्हायब्रेटर हा भाग बॅटरीचा प्रवाह खंडित करी व ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. वीज आल्यावर अशी यंत्रे निकामी तरी ठरली, नाही तर बदलून घेतली गेली. पुढचे फेरफार सुट्या भागांच्या टंचाईतून आले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात व्हॉल्वचे उत्पादन सुरू केले, तरी तालुक्याच्या गावी हवा तोच व्हॉल्व मिळेल अशी खात्री नव्हती.

६एल६ च्या जागी ईएल३४ बसविणे हा असाच एक पर्याय. दोहोंचा पाया सारखा असला तरी ईएल३४ ची एक क्रमांकाची पिन आठव्या पिनेला जोडावी लागते. शिवाय त्याची तार ०.९ ऐवजी १.५ अँपिअर प्रवाह घेते. दोन व्हॉल्व असतील तर जादा भार सुमारे साडेसात वॉट होतो. सकृद्दर्शनी हा अडाणीपणा वाटेल. परंतु त्याच यंत्रात ५यू४ हा रेक्टिफायर व्हॉल्व काढून सिलिकॉन डायोड घातलेले असतील, तर त्या व्हॉल्वच्या तारेचे १५ वॉट वाचलेले असतात. ट्रान्सफॉर्मरवरील एकूण भार हलका होतो, ६.३ व्होल्टच्या वेटोळ्यावरील ताण मात्र राहतो आणि डायोडमुळे उच्च दाबही वाढतो. म्हणजे एक फेरफार दुसऱ्याच्या संदर्भातच वाचावा लागतो. सुटा पाहिल्यास त्यामागील विचार कळत नाही.

पुनरुज्जीवन करणाऱ्याने सर्व जुने भाग जपावेत, असे म्हणणे अर्थातच व्यवहार्य नाही. कागदी कंडेन्सर गळू लागला की पुढच्या व्हॉल्वच्या ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्वची प्लेट लाल होते आणि प्रसंगी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. असा कंडेन्सर बदललाच पाहिजे. कोरडे पडलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही तसेच. (कागदाच्या गावी कागदी कंडेन्सरनेच दगा द्यावा, हा एक योगायोग.) मात्र यंत्र ‘मूळ स्थितीत’ आणण्याच्या हौसेपोटी कारागिराने घातलेले डायोड, बदललेल्या जोडण्या, पत्र्यावर पाडलेली नवी छिद्रे पुसून टाकणे हे इतिहासाच्या दृष्टीने नुकसानकारक आहे. कारखान्याच्या स्थितीतील यंत्र कारखान्याविषयी सांगते. ते गणेशोत्सवात, कीर्तनात व प्रचारसभांत कसे टिकले, हे त्यातून समजत नाही.

यासाठी डाग सोडविण्यापूर्वी यंत्राच्या आतील बाजूची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्यक्ष जोडणीचा आराखडा काढावा आणि काढलेला प्रत्येक भाग त्याची जागा लिहून पाकिटात ठेवावा. महाविद्यालयात भौतिकशास्त्र विभागाला आराखड्याचे आणि इतिहास विभागाला हयात कारागिरांच्या मुलाखतींचे काम विभागून घेता येईल. त्यांपैकी मुलाखती आधी व्हाव्यात. यंत्र आणखी काही वर्षे थांबू शकते.