आम्लातील पोलादाचे रक्षण

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याने निघाले, की उद्यमबाग लागते. ओतशाळा, यंत्रशाळा आणि तेलाच्या दाबावर चालणारे पंप व झडपा घडविणारे कारखाने यांची ही वसाहत. मच्छे, पिरनवाडी, मजगाव अशा आसपासच्या गावांतील कित्येक संसार तिच्यावर चालतात. जेथे पोलाद घडते तेथे ज्या एका क्रियेवाचून सहसा भागत नाही, तिचा इतिहास आज पाहावयाचा आहे.

तापवून लाटलेल्या पोलादावर काळी खपली धरते. ती काढल्याखेरीज मुलामा नीट बसत नाही. म्हणून तो माल गंधकाम्लात वा हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवितात. कारखान्यात यास ‘पिकलिंग’ म्हणतात. परंतु आम्लाला आपपरभाव नाही. खपली सुटली, की ते खालच्या धातूला भिडते. ५६ भार लोह विरघळले, की २ भार हायड्रोजन निर्माण होतो. त्यातील काही पोलादातच शिरून त्याला ठिसूळ करतो. वरून निर्दोष दिसणारा बोल्ट मग ऐन भारात तुटतो. बुडबुड्यांबरोबर उडणारे आम्लाचे तुषार कामगाराच्या छातीत जातात, ते निराळेच.

यावर पहिला तोडगा निघाला तो सुताराच्या पेटीतून आणि धान्याच्या जात्याखालून, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १८७२ साली मारांगोनी व स्तेफानेल्ली यांनी सरस, जिलेटिन आणि कोंड्याचा अर्क आम्लात घालून लोखंडाची झीज रोखली. १८९५ साली इंग्लंडात बाल्डविन यांनी याच कामासाठी मळी व वनस्पतिज तेले यांचे पेटंट घेतले. गंमत अशी, की सरस हा अतिदीर्घ रेणूंचा पदार्थ आहे, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. स्टाउडिंगर यांनी १९२० साली ती कल्पना मांडली, तेव्हा भल्याभल्या रसायनज्ञांनी नाके मुरडली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळावयास १९५३ साल उजाडले.

मध्यंतरी एक घातक वाटही चोखाळली गेली. १९३२ साली मिशिगनमधील तेलविहिरीत आम्ल सोडताना पोलादी नळ वाचविण्यासाठी सोमलाचे संयुग वापरले. त्याने नळ वाचतात, हे खरे. परंतु लोह व आम्ल यांच्या संगतीत सोमलापासून आर्सिन हा प्राणघातक वायू होऊ शकतो, आणि हायड्रोजनला पोलादात शिरावयास तो साहाय्यच करतो. त्यापेक्षा सुताराचा सरस शहाणा म्हणावयाचा!

बहुवारिकांचे मर्म त्यांच्या लांबीत आहे. लहान रेणू धातूला एकदोन जागी चिकटतो आणि सुटतो. दीर्घ साखळी अनेक ठिकाणी धरून बसते. एक पकड सुटली तरी बाकीच्या राहतात. म्हणून थोड्या मात्रेतही काम भागते. तमिळनाडूतील कारैकुडी येथे १९५३ साली सुरू झालेल्या केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९२ साली पॉलिएथॉक्सिॲनिलीन हे विद्राव्य बहुवारिक हायड्रोक्लोरिक आम्लात लोखंडाचे रक्षण करते, असे दाखविले. २००४ साली गवारीच्या बियांच्या डिंकाचा गंधकाम्लातील प्रयोग प्रसिद्ध झाला. म्हणजे गाडी पुन्हा शेतमालावरच आली.

मात्र गंधकाम्लाची टाकी पुष्कळदा ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात, आणि त्या उष्णतेत अनेक निरोधकांची पकड सैल होते. मात्रा वाढवावी, तर खपलीच निघावयास विलंब लागतो. निपाणीकरांना कौतुक वाटेल, की गंज रोखण्यासाठी अमेरिकेत तंबाखूच्या अर्काचेही प्रयोग झाले आहेत. तो बहुवारिक नव्हे, पण धातूला बिलगण्याचा गुण त्याच्याही अंगी आहे.