परक्या मैदानावरील गोलाचे मूल्य

बाद फेरीतील दोन सामन्यांअखेर एकूण गोल समसमान झाले, तर पुढे कोणी जावे? यूरोपातील स्पर्धांपाशी १९६५ पर्यंत याचे उत्तर होते ते तिसऱ्या सामन्याचे, आणि तोही बरोबरीत सुटला तर दैवाचे. त्या वर्षी यूरोपीय चषकात लिव्हरपूल व कोलोन यांचे दोन्ही सामने गोलशून्य राहिले. रॉटरडॅम येथील तिसरा २–२ असा सुटला. अखेर दुरंगी चकती फेकून लिव्हरपूलला पुढे पाठविण्यात आले. पहिल्या फेकीत चकती चिखलात उभीच रुतली, म्हणून ती पुन्हा फेकावी लागली!

१९६५–६६ च्या कप विनर्स चषकात नवा नियम आला : बरोबरी झाल्यास परक्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ विजयी. बुडापेस्टच्या होनवेदने प्रागमध्ये डुक्लाला ३–२ असे हरविले व घरी १–२ अशी हार पत्करली. बेरीज ४–४, परंतु परक्या मैदानावर होनवेदचे गोल तीन, डुक्लाचे दोन. पाहुण्या संघाने केवळ बचाव करीत बसू नये, हा नियमाचा हेतू होता.

हेतू आणि परिणाम यांची येथे फारकत झाली. पाहुण्याचा गोल महाग झाल्याने यजमानच धास्तावला, व पहिल्या सामन्यात घरी गोल न स्वीकारणे हेच त्याला श्रेयस्कर वाटू लागले. जादा वेळेतील अन्याय तर उघड होता. १९७१ मध्ये लिस्बन येथे रेंजर्स व स्पोर्टिंग यांची बेरीज ९० मिनिटांअखेर ५–५ होती. जादा वेळेत दोघांनीही एकेक गोल केला. रेंजर्सचा मात्र परका ठरला. (पंचाने चुकून पेनल्टी घेतल्या, त्या स्पोर्टिंगने जिंकल्या, तो निकाल पुढे रद्द झाला.) परक्या मैदानावरची ती तीस मिनिटे स्पोर्टिंगला लाभलीच नव्हती.

भाषेच्या अभ्यासकाला अधिक उद्‌बोधक वाटते ते २००३ चे उदाहरण. मिलान व इंटर हे दोन्ही संघ सान सिरो या एकाच मैदानाचे रहिवासी. निकाल ०–० आणि १–१. दुसऱ्या सामन्यात मिलान कागदोपत्री पाहुणा होता, म्हणून तो अंतिम फेरीत गेला. प्रवास नाही, अनोळखी मैदान नाही. ‘परका’ या शब्दातला अर्थ निघून गेला आणि संज्ञा तेवढी उरली.

यूएफाने जून २०२१ मध्ये नियम रद्द केला, तेव्हा पुढे केलेले आकडे बोलके आहेत. पुरुषांच्या स्पर्धांत यजमानांचे विजय १९७० च्या दशकाच्या मध्यापासून शेकडा ६१ वरून ४७ वर उतरले होते, तर पाहुण्यांचे १९ वरून ३० वर चढले होते. ज्या विषमतेची भरपाई करावयाची, तीच ओसरली होती.

बदलानंतरच्या पहिल्याच हंगामात, २०२२ च्या उपांत्य फेरीत, रेआल माद्रिद व मँचेस्टर सिटी यांची बेरीज ९० मिनिटांअखेर ५–५ झाली. जुन्या नियमाने माद्रिद तेथेच जिंकले असते. नव्या नियमाने त्याला जादा वेळ खेळावे लागले, आणि तेथे बेन्झेमाच्या पेनल्टीवर ते ६–५ असे पुढे गेले.