१.१ टक्क्यांचा आधार

वैद्यकीय उपकरण शरीरात बसवण्यापूर्वी त्याच्या गुणदोषांचा पुरावा उत्पादकाकडे मागावा, हा दंडक अमेरिकेतही फार जुना नाही. औषधाची परिणामकारकता सिद्ध करण्याची सक्ती तेथे १९६२ मध्ये झाली, पण उपकरणे आणखी चौदा वर्षे तिच्या कक्षेबाहेर राहिली, आणि याच मोकळ्या काळात डाल्कन शील्ड हे तांबीप्रमाणे गर्भाशयात बसवायचे प्लास्टिकचे गर्भनिरोधक साधन बाजारात आले.

त्याचा मुख्य आधार होता तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉ. ह्यू डेव्हिस यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध. त्यात ६४० स्त्रियांची पाहणी असून गर्भधारणेचे प्रमाण अवघे १.१ टक्के दाखवले होते. परंतु एका स्त्रीने एक महिना साधन वापरले की एक स्त्री-महिना, अशा रीतीने मोजला जाणारा एकूण अनुभव ३,५४९ स्त्री-महिन्यांचा, म्हणजे सरासरीने प्रत्येकी साडेपाच महिन्यांचाच होता. अखेरच्या महिन्यांत साधन बसवलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर गर्भ राहिला की नाही हे कळण्याइतकाही अवधी गेला नव्हता. शिवाय पहिले काही महिने शुक्रजंतुनाशक फेसही वापरण्याचा सल्ला दिलेला होता, त्यामुळे यश नेमके कशाचे हे सांगता येत नव्हते. निबंधकर्त्याचा या साधनाच्या विक्रीत आर्थिक वाटा होता आणि वाचकांना तो सांगितला गेला नव्हता, ही गोष्ट तर अक्षम्यच म्हटली पाहिजे.

ए. एच. रॉबिन्स कंपनीने त्याच वर्षी हक्क विकत घेतले आणि १.१ टक्के हाच आकडा जाहिरातींतून डॉक्टरांपुढे ठेवला. नंतरच्या पाहण्यांत गर्भधारणेचे प्रमाण त्याच्या कितीतरी पट आढळले, पण खरा घात साधनाच्या शेपटीने केला. शेकडो बारीक तंतू एका आवरणात गुंफलेल्या या दोऱ्यातून योनीतील जंतू गर्भाशयात चढू शकत होते. साधन असतानाच गर्भ राहिलेल्या काही स्त्रिया जंतुसंसर्गाने दगावल्या, तर कित्येकींना कायमचे वंध्यत्व आले. अमेरिकेत वीस लाखांहून अधिक नग खपल्यानंतर जून १९७४ मध्ये विक्री थांबली.

२८ मे १९७६ रोजी उपकरणांचा कायदा झाला. त्याने जोखमीनुसार तीन वर्ग पाडले खरे, पण नवे उपकरण आधीच्या एखाद्या उपकरणाशी ‘मूलतः समतुल्य’ असल्याचे दाखवले की बहुतेक वेळा रुग्णांवरील चाचणीविना परवानगी मिळावी, अशी वाटही ठेवली. त्यातील उणीव अशी की ज्याच्याशी तुलना करायची, त्याचीही कसोटी झालेली नसे. याच वाटेने २००५ मध्ये अमेरिकी बाजारात शिरलेला डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा कृत्रिम खुबा भारतातही हजारो रुग्णांना बसवला गेला. इंग्लंड व वेल्सच्या सांधेरोपण नोंदवहीत, पाच वर्षांच्या आत सुमारे आठांपैकी एका रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला.